जीसॅक्समधली हरवलेली शिखरं अशी सापडली

सिलिकॉनवरच्या ब्लॉक कोपॉलिमर (वेगवेगळ्या पॉलिमरचे तुकडे जोडून बनलेली साखळी) फिल्मची नॅनोरचना प्रयोगशाळेतल्या जीसॅक्सवर, म्हणजे पृष्ठभागाला जवळजवळ समांतर क्ष-किरण सोडून त्यांचं विखुरणं टिपणाऱ्या यंत्रावर, पाहत होतो. डिटेक्टरवर पार्श्वभूमीच जास्त, नॅनोरचनेची खूण असलेली, तीव्रतेची बाजूची शिखरं दिसेनात. हिशेब मांडला: ०.१८ अंश आपातकोनात (पृष्ठभागापासून मोजलेल्या) ०.२ मिमी उंचीचा झोत पृष्ठभागावर सुमारे ६४ मिमी पसरतो आणि नमुना जेमतेम २० मिमी! उरलेला झोत नमुन्याला न लागताच पुढे जात होता. झोताची उंची ठरवणारी फट, म्हणजे स्लिट, ०.०६ मिमीपर्यंत आवळली, हवेमुळे होणारं विखुरणं टाळायला झोताचा मार्ग निर्वात केला. कोन मात्र तोच ठेवला. तांब्याच्या के-अल्फा क्ष-किरणांसाठी फिल्ममधल्या पॉलिस्टायरीनचा क्रांतिक कोन (ज्याहून कमी कोनात किरण आत न शिरता परावर्तित होतात) साधारण ०.१५ अंश, सिलिकॉनचा ०.२२, मधल्या कोनात किरण फिल्ममध्ये पूर्ण शिरतात, पण सिलिकॉनवरून परततात. या पद्धतीची खरी ताकद इथेच आहे. स्लिट आवळल्याने फोटॉन घटले, म्हणून रात्रभर एक्स्पोजर दिलं. योनेडा पट्ट्यात (क्रांतिक कोनाजवळ बाहेर पडणाऱ्या किरणांच्या तेजस्वी पट्ट्यात) दोन्ही बाजूंना शिखरं स्वच्छ उमटली.