जुन्या शेव्हर्ले पिकअपला दुसरे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन जुळते का, हे कसे तपासावे

अमेरिकेत जुना पिकअप सांभाळणाऱ्या प्रत्येकाला कोणी ना कोणी सांगतोच की बेलहाऊसिंगचे (ट्रान्समिशन इंजिनला जोडणाऱ्या घंटेच्या आकाराच्या भागाचे) बोल्ट जुळले आणि विजेचा प्लग बसला, म्हणजे ट्रान्समिशन जुळले. हा सल्ला चुकीचा आहे आणि त्यापायी चांगली ट्रान्समिशन जळून जातात. येथे मी १९९३ ते १९९८ या काळातील शेव्हर्ले सी/के १५०० पिकअप आणि त्यातील ४एल६०ई हे चार गिअरचे ट्रान्समिशन धरून लिहीत आहे, कारण भंगार यार्डात हेच सर्वांत जास्त सापडते आणि सर्वांत जास्त चुकीचे विकतही घेतले जाते.

आधी स्वतःच्या गाडीची ओळख पटवावी. व्हीआयएन, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकातील दहावे अक्षर मॉडेलचे वर्ष सांगते: १९९५ साठी एस, १९९६ साठी टी, १९९७ साठी व्ही. ग्लोव्ह बॉक्समधील स्टिकरवर एम३० असेल तर ४एल६०ई, एमटी१ असेल तर ४एल८०ई हे दुसरे, अधिक मजबूत ट्रान्समिशन. स्टिकर गेले असेल तर ऑइल पॅनचे बोल्ट मोजावेत. ४एल६०ईला सोळा असतात आणि ४एल८०ईला सतरा.

बोल्टची रचना तपासणे सोपे आहे. शेव्हर्लेचे स्मॉल ब्लॉक व्ही८, बिग ब्लॉक व्ही८ आणि ४.३ लिटरचे व्ही६ यांची रचना एकच आहे, तर एस-१० पिकअपच्या २.२ लिटर चार सिलिंडर इंजिनाची वेगळी आहे. मात्र ४.३ मागचे ट्रान्समिशन ५.७ लिटरच्या व्ही८ला सहज लागते म्हणून ते घेऊ नये. त्याच्या आत क्लच प्लेट कमी असू शकतात आणि टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची शक्ती तेलाद्वारे ट्रान्समिशनला देणारा भाग) व्ही६साठी निवडलेला असतो, त्यामुळे ट्रेलर ओढणाऱ्या गाडीत ते टिकत नाही.

चारचाकी आणि दोनचाकी ड्राइव्हचे आउटपुट शाफ्ट वेगळे असतात. एकाचे दुसऱ्यात घालू नये.

आता खरी अवघड पायरी. या पायरीने मला फार छळले आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

१९९३ आणि १९९४ च्या ४एल६०ईमध्ये टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच (कन्व्हर्टरमधली घसरण थांबवून इंजिन आणि ट्रान्समिशन घट्ट जोडणारा) एकाच साध्या सोलेनॉइडने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपेने, लागतो किंवा सुटतो. १९९५ मध्ये त्याच्या जोडीला दुसरा सोलेनॉइड आला, जो गाडीच्या संगणकाकडून येणाऱ्या स्पंदांनुसार दाब हळूहळू वाढवतो आणि क्लच अलगद बसवतो. १९९६ मध्ये तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर उतरताना काम करणारा सोलेनॉइड बदलला: आधी तो स्पंदांवर चालत असे, नंतर तो साधा चालू-बंद झाला. म्हणजे चार वर्षांत आतून तीन वेगळी ट्रान्समिशन झाली, आणि बाहेरचा गोल प्लग मात्र तोच राहिला. प्लग बसतो, इंजिन सुरू होते, गाडी गिअर बदलते, आणि विकत घेणारा समाधानाने घरी जातो. १९९४ च्या गाडीच्या हार्नेसमध्ये (तारांच्या जुडग्यात) त्या दुसऱ्या सोलेनॉइडची तारच नसते, त्यामुळे १९९५ चे ट्रान्समिशन तिच्यात लावले तर लॉकअप क्लच पूर्ण दाबाने धरत नाही, महामार्गावर घसरत राहतो, तेल तापते आणि अखेरीस काळे पडते.

केसवर मागच्या बाजूला, ऑइल पॅनच्या काठाजवळ ठोकलेल्या कोडचा पहिला अंक वर्ष सांगतो, म्हणून पुष्कळ जण तो पाहून निर्धास्त होतात. माझा त्यावर भरवसा नाही, आणि कोणीही ठेवू नये असे माझे ठाम मत आहे. ही ट्रान्समिशन इतकी जुनी आहेत की त्यांतील बरीचशी एकदा तरी उघडून पुन्हा बांधलेली असतात, आणि बांधणाऱ्याने हाताशी असलेली व्हॉल्व्ह बॉडी (तेलाचा दाब वाटून देणारा भाग) आत बसवलेली असू शकते. कोड केसचे वय सांगतो, आतल्या मालाचे सांगत नाही.

आतले काय आहे ते ओहममीटर सांगतो, आणि यार्डात जाताना तो खिशात असलाच पाहिजे. ट्रान्समिशनवरील गोल कनेक्टरच्या पिनांजवळ बारीक अक्षरे असतात. ई ही पिन सोलेनॉइडना वीज देणारी आहे. ई आणि यू या पिनांमध्ये सुमारे १० ते १५ ओहम आले, तर आत १९९५ नंतरचा लॉकअप सोलेनॉइड आहे. काहीच जोड दिसली नाही, तर १९९३-९४ ची रचना आहे, किंवा आतली तार तुटलेली आहे. मग ई आणि एस मोजावे: ९ ते १४ ओहम म्हणजे १९९५ पर्यंतचा उतरत्या गिअरचा सोलेनॉइड, २० ते २४ ओहम म्हणजे १९९६ नंतरचा. हे आकडे थंड ट्रान्समिशनचे आहेत. नुकत्याच चालवलेल्या गाडीत ते थोडे जास्त येतात. हे दोन आकडे आणि स्वतःच्या गाडीचे वर्ष एकमेकांशी पटले नाहीत, तर विकणारा कितीही कमी किंमत सांगत असला तरी ते ट्रान्समिशन तिथेच सोडून यावे. व्हॉल्व्ह बॉडी बदलून ते जुळवता येते असे सांगणारे भेटतील. पण पॅन, सेपरेटर प्लेट आणि हार्नेस उघडण्याचा खर्च धरला तर त्या पैशांत योग्य वर्षाचे ट्रान्समिशन मिळते.

१९९६ पासून काही गाड्यांत बेलहाऊसिंग सुटे झाले आणि ट्रान्समिशनच्या मागच्या जोडाला चारऐवजी सहा बोल्ट आले. गाडी चारचाकी ड्राइव्हची असेल तर ट्रान्सफर केसचा (पुढच्या चाकांनाही शक्ती देणाऱ्या पेटीचा) अ‍ॅडॅप्टर याच जोडावर बसतो, म्हणून हे बोल्ट मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

१९९९ नंतरच्या सिल्व्हराडोमधील ट्रान्समिशन तर या गाड्यांसाठी पाहूच नये. नव्या व्ही८मागच्या त्या ट्रान्समिशनचे बेलहाऊसिंग अधिक खोल असते, इनपुट शाफ्ट लांब असतो आणि कन्व्हर्टर २९८ऐवजी ३०० मिलिमीटरचा असतो. नव्या ट्रान्समिशनवर जुना कन्व्हर्टर बसवायचा प्रयत्न करू नये. कन्व्हर्टर नेहमी ट्रान्समिशनसोबतच घ्यावा.

बसवताना कन्व्हर्टर फिरवत आत ढकलावा. तो टप्प्याटप्प्याने खाली बसतो आणि शेवटी पंपात अडकतो. बेलहाऊसिंग इंजिनला हाताने पूर्ण टेकल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे, आणि फ्लेक्सप्लेट (इंजिनवरची, कन्व्हर्टरला जोडली जाणारी पातळ तबकडी) व कन्व्हर्टर यांच्यात सुमारे ३ ते ५ मिलिमीटर फट राहिली पाहिजे. फट नसेल आणि बोल्ट ओढून बेलहाऊसिंग जवळ आणले, तर पंप फुटतो. फट जास्त असेल तर कन्व्हर्टर किंवा फ्लेक्सप्लेट चुकीची आहे. वॉशर घालून ती भरू नये.

४एल८०ई अधिक मजबूत आहे, पण तो वेगळा प्रकल्प आहे. पहिला गिअर ३.०६ऐवजी २.४८ असतो, प्रोपेलर शाफ्ट आखूड करावा लागतो, क्रॉसमेंबर मागे सरकतो आणि संगणकाला नवा प्रोग्रॅम लागतो. यातले काही गाळून चालणार नाही.

कूलर आणि त्याच्या नळ्या धुऊन घ्याव्यात, तेल भरावे आणि गाडी तापवावी. १९९६ नंतरच्या गाडीत स्कॅनर लावून महामार्गावर लॉकअपची आज्ञा गेल्यावर कन्व्हर्टरची घसरण पाहावी. ती जवळजवळ शून्यावर आली पाहिजे. तसे होत नसेल तर ट्रेलर जोडू नये आणि ई-यू व ई-एस या पिना पुन्हा मोजाव्यात.