दिवे घाट, पोटऱ्या आणि मालीश

माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडला चालत गेलो, तेव्हा दिवे घाट चढून आल्यावर उजव्या पोटरीत गोळा आला. मुक्कामी एकाने तेल लावून जोरजोरात रगडली. सकाळी पाय टेकवेना.

पुढच्या वर्षी पद्धत बदलली. मुक्कामाला पोहोचल्यावर आधी घोट्यापासून गुडघ्याकडे हलक्या हाताने लांब लांब हात फिरवायचे, पाचेक मिनिटं. मग कणीक तिंबतात तशी पोटरी दोन्ही हातांनी मळायची. गुडघा वाकवून पाय सैल सोडला की वरचा स्नायू ढिला पडतो आणि त्याच्या खालच्या सोलियस या स्नायूपर्यंत बोटं पोहोचतात. माझी खरी गाठ तिथेच होती. तिच्यावर अंगठा सोसवेल इतकाच दाबून धरायचा, घासायचा नाही. दुसऱ्या दिवशी दुखणं कमी असायचं, घोटा मोकळा वळायचा.

सकाळी निघताना मात्र खोल मालीश नको, पाय ढिले पडल्यासारखे वाटतात. तेव्हा थोडं चोळणं पुरे. आणि गोळा आलाच तर आधी पायाची बोटं नडगीकडे ओढून धरा, मालीश नंतर.

मालिशीने ताकद येत नाही. ती मला वारीआधी दोन महिने पायरीवर टाचा उचलून मिळाली.

एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली तर हात लावू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. लगेच डॉक्टरांकडे जा.