नवीन पिल्लू आणलंय? मग या चुका टाळा

कुत्र्याचं पिल्लू घरी येऊन चार-पाच दिवस झाले की मला फोन येतोच. नात्यातला असतो, सोसायटीतला असतो, नाहीतर कोणाच्या तरी ओळखीतून नंबर मिळालेला असतो. ताई हे सारखं चावतं, ताई हे गादीवरच शू करतं, ताई हे कालपासून काही खातच नाहीये. मी डॉक्टर नाही. पण गेल्या अकरा वर्षांत नाशिकच्या आमच्या फ्लॅटमध्ये माझी स्वतःची तीन आणि रस्त्यावरून उचलून, बरी करून चांगल्या घरी दिलेली वीस-बावीस पिल्लं वाढलीत, आणि त्याच त्या चुका इतक्यांदा बघितल्यात की समोरच्याचं पहिलं वाक्य ऐकलं की पुढचं काय असणार ते मला कळतं. पिल्लू येण्याचा आनंद खरंच मोठा असतो. झोपेत पाय हलवत पळणारं, उचकी लागली की दचकून इकडेतिकडे बघणारं, रात्री नऊ वाजता काही कारण नसताना हॉल-किचन-हॉल अशा फेऱ्या मारणारं ते एवढंसं जनावर, आपापल्या खोलीत मोबाईल घेऊन बसलेल्या सगळ्या घराला एका चटईवर आणून बसवतं. म्हणून तर जीव तुटतो, कारण पुढचं सगळं टाळता येण्यासारखं असतं.

एक लस झाली म्हणून पिल्लू खाली नेणं

ही चूक मी स्वतः केलीय, त्यामुळे जरा लांबवून सांगते.

माझी पहिली चिंगी. जूनच्या पावसात रिक्षा स्टँडवर सापडली, दीड महिन्याची असेल. आठवडाभरात तिला पहिलं इंजेक्शन दिलं. डॉक्टर म्हणाले होते की अजून जमिनीवर सोडू नका, मी मान डोलावली आणि पाचव्या दिवशी सोसायटीच्या बागेत घेऊन गेले, कारण खाली मुलं वाट बघत होती आणि ती गवतात कशी उड्या मारते ते मलाही बघायचं होतं. पुढच्या आठवड्यात एका सकाळी ती उठलीच नाही. उठली नाही म्हणजे डोळे उघडे, पण शेपटी हलेना. दुपारी पांढऱ्या फेसाची उलटी. शेजारच्या काकू म्हणाल्या पोट बिघडलंय, दहीभात दे, आणि मी दिला, एक अख्खा दिवस त्या दहीभातात घालवला. रात्री रक्ताचे जुलाब सुरू झाले. तो वास ज्यानं एकदा घेतलाय तो जन्मात विसरत नाही. पार्वो, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांवर हल्ला करणारा व्हायरसचा रोग.

त्यानंतरचे पाच दिवस हॉलमध्ये पडद्याच्या दांडीला सलाइनची बाटली टांगलेली, चिंगीच्या पुढच्या पायाला सुई, आणि मी रात्रभर खाली चटईवर, की हिनं पाय हलवून सुई काढू नये. या व्हायरसला थेट मारणारं औषध आम्हाला कुठे मिळणार नव्हतं. सलाइन, उलटी थांबवायचं इंजेक्शन, वरून दुसरं इन्फेक्शन चढू नये म्हणून अँटिबायोटिक, आणि वाट बघणं. पाचव्या दिवशी तिनं बोटावरचं पाणी चाटलं तेव्हा मी ढसाढसा रडले. ती वाचली, पण माझ्याकडे नंतर आलेल्यांपैकी दोन पिल्लं याच रोगानं गेली, दोन्ही वेळेला माझ्याकडे पोचेपर्यंत उशीर झाला होता.

आता यामागचं कारण, जे मला तेव्हा कोणी नीट समजावलं असतं तर मी ऐकलं असतं. आईच्या पहिल्या दुधातून, चीक म्हणतो ना आपण, त्यातून पिल्लाला रोगाशी लढायची ताकद मिळते. तीच ताकद लसीलाही निकामी करते. ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं, कोणाची सहाव्या-आठव्या आठवड्यात ओसरते तर कोणाची चौदाव्या-सोळाव्या. म्हणून लस एकदा देऊन भागत नाही. सहा ते आठ आठवड्यांना पहिली आणि मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढची, असं सोळा आठवड्यांपर्यंत चालतं. मधल्या काळात पिल्लू रोगासमोर उघडं असतं. आणि हा व्हायरस मातीत महिनोन्महिने जिवंत राहतो, वर्षभरसुद्धा, आजारी कुत्रं तिथून कधीच निघून गेलेलं असलं तरी. साध्या फिनाइल-डेटॉलच्या पोछ्यावर भरवसा ठेवू नका, ब्लीच लागतं, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी, आणि ते दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. चपला दाराबाहेर काढायच्या, कारण तो चपलेवर बसूनही घरात येतो.

मग काय चार महिने पिल्लू कोंडून ठेवायचं? नाही, तीही चूकच आहे, फक्त ती कोणाला दिसत नाही. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू जे बघतं, ऐकतं, हुंगतं ते त्याला जन्मभर ओळखीचं वाटतं, आणि जे त्या वयात राहून जातं त्याची भीती बसू शकते. हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत येणारे आजोबा, लग्नाचा बँड, सगळ्याचीच. माझी सवय अशी की पिल्लाला ओढणीच्या झोळीत घालायचं आणि रोज अर्धा तास बाहेर काढायचं. भाजीबाजाराच्या टोकाला उभं राहायचं, एसटी स्टँडच्या बाकावर मांडीवर घेऊन बसायचं, देवळाची घंटा ऐकवायची. पाय जमिनीला लावायचे नाहीत, बाकी जग सगळं दाखवायचं. दचकलं तर जरा लांब जायचं, खिशातून उकडलेल्या चिकनचा कण द्यायचा. झोळीतून फक्त नाक बाहेर काढून ते जेव्हा पहिल्यांदा वडापावचा वास घेतं ना, तो चेहरा बघण्यासाठी मी अजूनही पिल्लं सांभाळते.

आणि खाणं बंद, उलटी, सुस्ती यातली दोन लक्षणं एकत्र दिसली तर दहीभात नाही, डाळिंबाची साल नाही, मोबाईलवर शोधाशोध नाही. सरळ डॉक्टर.

शू-शीवरून मारणं

माझ्या मावसभावानं लॅब्रेडॉरचं पिल्लू आणलं. कोणीतरी त्याला सांगितलं की जिथं घाण केली तिथं नाक घास आणि वर्तमानपत्राच्या गुंडाळीनं दोन दे, आठ दिवसांत शिकेल. महिन्यानं त्याचा फोन, हे कुत्रंच बेकार निघालं, कोणाला तरी देऊन टाकूया. मी गेले. पिल्लू दिवाणाखाली. त्याच्यासमोर शू करतच नव्हतं, बाहेर नेलं की ताठ उभं राहायचं, घरात आलं की सोफ्यामागे जाऊन करायचं. शी केली की चक्क खाऊन टाकायचं, पुरावा राहू नये तसं. अहो ते शिकलंच होतं, पण ते शिकलं होतं की माणसासमोर हे करायचं नाही. नाक घासल्यावर त्याला जागा चुकली हे कळत नाही, माणूस आला की मार बसतो एवढंच कळतं. इतका राग आला होता मला, आणि भावाचं वाईटही वाटलं, कारण त्याचा जीव होताच त्या पिल्लावर, फक्त घाई होती.

दहा दिवस पिल्लू माझ्याकडे आणलं. मी काही जादू केली नाही. झोपून उठलं की, खाल्लं की, पाणी प्यायलं की, खेळून झालं की, लगेच उचलून ठरलेल्या जागी. लसी पूर्ण नव्हत्या म्हणून जागा म्हणजे गॅलरीचा कोपरा, खाली वर्तमानपत्र, आणि नवीन कागदाखाली आदल्या शूच्या कागदाचा एक तुकडा ठेवायचा, म्हणजे वासानं त्याला कळतं की हीच ती जागा. झालं की त्याच सेकंदाला कौतुक आणि खाऊ, आत येऊन नाही, तिथंच. चुकलं तर काही न बोलता पुसून घ्यायचं. पुसायला मी अर्धं व्हिनेगर अर्धं पाणी वापरते, कारण फिनाइलनं वास फक्त आपल्यापुरता झाकला जातो, खालचा शूचा वास त्याला येतच राहतो, वर ओल्या फरशीवरून चालून ते पंजे चाटतं ते वेगळंच. दोन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन तासांपेक्षा जास्त धरूच शकत नाही, त्यामुळे रात्री दोनचा अलार्म लावायचा. हो, महिनाभर. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी मोठं कुत्रं दत्तक घ्यावं, त्यात काहीच कमीपणा नाही. नवव्या दिवशी ते लॅब स्वतःहून गॅलरीच्या दाराशी जाऊन बसलं आणि माझ्याकडे वळून बघितलं. मी भावाला व्हिडिओ पाठवला. आज ते कुत्रं त्याच्या पायाशी झोपतं.

आता बाकीच्या भराभर सांगते.

तीस-पस्तीस दिवसांचं पिल्लू घेऊ नका, कितीही गोंडस असलं तरी. 2017 च्या केंद्राच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. पण नियम सोडा, चावताना किती जोर लावायचा हे पिल्लू भावंडांत मारामारी करून शिकतं, ते शिक्षण अर्धवट सोडून आलेलं पिल्लू ओळखू येतं.

दूध-पोळी आणि ग्लुकोजची बिस्किटं म्हणजे जेवण नाही. गाईच्या दुधानं बऱ्याच पिल्लांना जुलाब होतात. पिल्लांसाठीचं खाणं भिजवून द्या, किंवा घरचं द्यायचं असेल तर डॉक्टरांकडून नीट प्रमाण लिहून घ्या. तीन-चार वेळा, थोडं थोडं.

चॉकलेट, मनुका-द्राक्षं, कांदा, लसूण नाही म्हणजे नाही. नाशिकमध्ये द्राक्षं घरोघरी असतात म्हणून मुद्दाम सांगते, किडनी जाऊ शकते. शिजवलेली हाडंही नाहीत, ती फुटून टोचतात. आणि ताप वाटतोय म्हणून घरातली क्रोसिन किंवा कॉम्बिफ्लाम कधीच देऊ नका, आपली गोळी त्याच्यासाठी विष ठरू शकते.

जंताचं औषध विसरू नका. पोट फुगलेलं पिल्लू बाळसेदार नसतं बऱ्याचदा, जंतानं भरलेलं असतं.

पावसाळ्यात गोचीड रोज बघा, कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली. टिक फीव्हर त्यातूनच येतो. मोठ्या कुत्र्याचे गोचीडाचे थेंब अंदाजानं पिल्लाला लावू नका, वजनावर आणि वयावर ठरतं ते.

हस्की, म्हणजे बर्फाळ प्रदेशातलं दाट केसांचं कुत्रं, आणू नका. आपला एप्रिल-मे त्याच्यासाठी नाही. एसी आहे हो आमच्याकडे, असं सांगणाऱ्यांना मी विचारते की लाईट गेल्यावर काय?

चावण्याबद्दल मात्र दोन शब्द जास्त. पिल्लाला 28 दुधाचे दात असतात, सुईसारखे, आणि चौथ्या महिन्यापासून ते पडायला लागून 42 पक्के येतात, त्या काळात हिरड्या शिवशिवतात. तोंड दाबून धरणं, नाकावर टिचकी मारणं याला ते खेळ समजतं नाहीतर घाबरतं. मी एकच करते, दात लागले की खेळ बंद, उठून जायचं, अर्ध्या मिनिटानं परत. सोबत जुन्या नॅपकिनला गाठ मारून, ओला करून फ्रीजरमध्ये ठेवलेला द्यायचा. घरातल्या प्रत्येकानं हेच करायचं, आजोबांनी हात चावायला दिला आणि आपण रागावलो असं चालत नाही. आणि रेबीजबद्दल अजिबात हलगर्जीपणा नको. पिल्लाची ती लस तीन महिन्यांच्या आसपास असते. रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाचा दात लागून रक्त आलं, ओरखडा जरी उठला, तरी साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी स्वतःसाठी डॉक्टर गाठा. पिल्लूच तर आहे, हे वाक्य तिथं चालत नाही. पुढे कधीतरी झाडताना तांदळाएवढा पांढरा दात सापडतो, बरेचसे ते गिळूनच टाकतात. चिंगीचा एक माझ्याकडे हळदीकुंकवाच्या जुन्या डबीत अजून आहे.

शेवटचं, रात्रीचं रडणं. पहिल्या रात्री बाथरूममध्ये नाहीतर गॅलरीत बंद करू नका. रडून रडून गप्प होईल, सवय लागेल, असं सांगणारे खूप भेटतात. विचार करा, कालपर्यंत सहा भावंडांच्या ढिगात, आईच्या पोटाशी झोपणारं जीव आज पहिल्यांदा एकटं आहे. मी पुठ्ठ्याचा खोका पलंगाला लावून ठेवते, आत माझी न धुतलेली साडी, कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून, आणि माझा हात खोक्यात. हात अवघडतो, मुंग्या येतात. पहिल्या रात्री तीन-चारदा उठते, दुसऱ्या रात्री दोनदा. चिंगीच्या चौथ्या रात्री मी हळूच हात काढून घेतला, तिनं एक सुस्कारा टाकला, साडीत नाक खुपसलं आणि तशीच झोपून राहिली.