निरीक्षण गृहातल्या पोराचं मन तपासायचं कसं

निरीक्षण गृह म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन पोरांना चौकशी चालू असताना ठेवतात ती जागा. तिथं पहिल्याच दिवशी लांबलचक फॉर्म घेऊन बसू नका, पोरगं घाबरलेलं असतं, सगळ्याला "बरं हाय" म्हणतं. पण सुरुवातीचे दिवसच जास्त रिस्कचे, म्हणून एक गोष्ट त्याच दिवशी सरळ विचारायची, "मरून जावं असं वाटतं का? आधी कधी काही केलं होतंस का?" विचारल्यानं डोक्यात भरतं हा निव्वळ गैरसमज. हो म्हणालं तर एकटं सोडायचं नाही, कोंडायचं तर नाहीच, डॉक्टरांना लगेच कळवायचं.

भाषा बघा. कर्नाटकातल्या खानापूरकडचं पोर घरी मराठी बोलतं, फाईल कन्नडमध्ये, मग गार्डला नायतर दुसऱ्या पोरालाच दुभाषी करतात, त्यांच्यासमोर कोण खरं बोलेल!

एकानं सगळं छान सांगितलं, पण ताटात भाकरी तशीच आणि भर उन्हाळ्यात बाही मनगटापर्यंत ओढून धरलेली. आत ब्लेडच्या रेघा. म्हणून झोप, जेवण, गुटखा-व्हाईटनर सुटल्यावरची तडफड स्टाफला पण विचारा. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, जीवाला धोका असेल तर सांगावं लागेल हे आधीच बोला.

आठवड्यानं परत बसा. गरज पडली तर धारवाडचं डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल आहे, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर १४४१६ पण आहे. अतिगंभीर गुन्ह्यात १६ वर्षांवरच्या पोरावर मोठ्यांसारखा खटला चालवायचा का हे ठरवायला २०१५ च्या बाल न्याय कायद्यातलं कलम १५ चं मूल्यांकन असतं, ते वेगळं, ते यात मिसळू नका.