‘हेडीज’मधली युरिडिसी: तिच्या खोलीत या चुका टाळा

‘हेडीज’ या व्हिडिओ गेममध्ये ॲस्फोडेल या प्रदेशाच्या लाव्हातून वाट काढताना एखाद्या दारावर उद्गारचिन्ह दिसलं, तर आत युरिडिसी असते. दुसऱ्या दाराचं बक्षीस कितीही मोहात पाडो, शक्यतो हेच दार घ्या. त्या रनमध्ये, म्हणजे खेळाच्या त्या फेरीत, ती पुन्हा भेटेलच असं नाही. आत लढाई नाही. तीन पदार्थ समोर येतात, त्यातला एकच मिळतो. आणि बहुतेक जण इथेच फसतात, कारण ते स्वतःच्या बूनची (देवांनी दिलेल्या शक्तींची) यादी न उघडता हात पुढे करतात.

आधी यादी उघडा आणि मोजा. ॲम्ब्रोशिया डिलाइट कोणत्याही 2 बूनचा दर्जा एकेक पायरी वाढवतं: कॉमनचा रेअर, रेअरचा एपिक, एपिकचा हिरोइक. पॉम पॉरिज कोणत्याही 4 बूनची पातळी 1 ने वाढवतं. निवड गेम करतो, तुम्ही नाही. म्हणजे वाढू शकणारे बून 8 असतील, तर तुमच्या लाडक्या अटॅक बूनला डिलाइट लागण्याची शक्यता 25 टक्के, पॉरिजची 50. तेच बून 4 असतील तर पॉरिज चौघांनाही मिळतं. ड्युओ आणि लेजेंडरी या खास प्रकारच्या बूनना वरचा दर्जाच नाही, हिरोइकही तिथेच थांबतो. त्यामुळे डिलाइटसाठी मोजताना ते वगळा. पॉमने (बूनची पातळी वाढवणाऱ्या डाळिंबाने) चांगल्या वाढलेल्या बूनला पुढची पातळी मिळते खरी, पण बहुतेकदा दर वेळी फायदा कमी होत जातो.

तिसरा पदार्थ रिफ्रेशिंग नेक्टर. नाव ऐकून भेट द्यायची नेक्टरची बाटली समजू नका, हा पदार्थ गेमचा नायक झॅग्रियस तिथेच पिऊन टाकतो. पुढचे 3 बून वरच्या दर्जाचे येतात. ती ॲस्फोडेलच्या सुरुवातीलाच भेटली आणि गाठीशी दोन-तीनच बून असतील, तर आमचं मत सरळ याच्याच बाजूने. मात्र नंतर नाणी किंवा पॉमच्या दारांमागे धावलात, तर तो नुसता पडून राहतो.

भेट द्यायची नेक्टरची बाटली मात्र विसरू नका. युरिडिसीला दिलेल्या पहिल्या बाटलीच्या बदल्यात एव्हरग्रीन एकॉर्न हे कीपसेक (अंगावर लावायची भेटवस्तू) मिळतं. ‘घेतलं, तरी मार बसतोच’ ही त्याबद्दलची नेहमीची तक्रार. बसणारच! एकॉर्न फक्त प्रत्येक प्रदेशाच्या शेवटच्या लढतीत चालतं, आणि तेही पहिल्या 3, 4 किंवा 5 फटक्यांपुरतं, जशी त्याची पातळी. फटक्यांची संख्या मोजली जाते, जोर नाही. ॲस्फोडेलच्या शेवटी येणाऱ्या हायड्राचा किरकोळ टोलाही एक फटका खातो. कमाल पातळीसाठी ते लावून एकूण 75 लढती लागतात.

तिच्याशी जुळलेली मैत्री दाखवणाऱ्या हृदयांच्या पट्टीवर कुलूप आलं की नेक्टर देता येत नाही. घरी, म्हणजे हेडीजच्या महालात, तिचा नवरा ऑर्फियस याच्याशी बोला, मग पुन्हा तिच्याकडे जा. एका रनमध्ये हे उरकत नाही.