जुनी जिप्सी घेतलीय? आधी गाडीखाली झोपा, बंपरचं नंतर बघू

सोलापुरात कुणी जुनी जिप्सी नाहीतर थार घेतली की पहिल्याच आठवड्यात मोठे टायर, लोखंडी बंपर, लाईटबार यांची चौकशी सुरू होते. माझं म्हणणं सरळ आहे, पहिले सहा महिने वरच्या अंगाला एक रुपया लावू नका, सगळा पैसा खाली जाऊ द्या, कारण आपल्याकडं गाडीला दोन गोष्टी खातात, उन्हाळा आणि काळी माती. माझी २००८ ची जिप्सी आहे, १.३ लिटर पेट्रोल, तिच्याकडनं जे शिकलो तेच सांगतो.

कागदाचं आधी उरकून घ्या. फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी नावावर करायचे अर्ज) सह्या, चेसिस नंबर आरसीबरोबर स्वतः जुळवून बघायचा, आणि गाडीला १५ वर्षं झाली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण झालंय का ते विचारायचं, ते पुढं दर ५ वर्षांनी करावं लागतं.

मग जुनी चादर टाका आणि खाली झोपा. चेसिसवर ताजा काळा रंग दिसला तर खूश होऊ नका, उलट शंका घ्या. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जायचं, टणटण वाजलं तर पत्रा ठीक, बद्द वाजलं तर आतनं गंज. पायाखालचं मॅटपण उचलून बघा, जिप्सीचा फ्लोअर तिथंच सडतो. गंज निघाला तर कापून नवीन पत्रा वेल्ड करायचा, वरनं पुट्टी भरून काही होत नाही.

ऑईल सगळी एकदम बदला, इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा), पुढचं आणि मागचं डिफरन्शियल (अॅक्सलच्या मधला गिअरचा गोळा). आधीचा मालक "आत्ताच टाकलंय" म्हणाला तरी बदला. डिफरन्शियलचं जुनं ऑईल दुधाळ निघालं म्हणजे आत पाणी गेलंय, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा ब्रीदरचा, म्हणजे अॅक्सलमधली हवा आत-बाहेर जाण्याचा, पाईप मातीनं चोंदलेला असतो, कारण तापलेला अॅक्सल पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर बंद असेल तर सीलमधनं पाणी ओढलं जातं. ब्रीदर साफ करायला दहा मिनिटं पुरतात. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते ठाऊक नसेल तर नवीन टाका. हेच इंजिन एस्टीममध्ये होतं, त्यामुळं बरेच पार्ट अजून मिळतात.

आता कूलिंग, हे नीट वाचा. मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो आणि गाडी गरम व्हायला लागली की मेकॅनिक पहिला सल्ला देतात, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवणारी झडप) काढून टाका. माझ्या गाडीचा एकानं न विचारता काढला होता. थर्मोस्टॅट साधारण ८०-९० डिग्रीला उघडतो, तो नसला की थंडीत इंजिन तापतच नाही, पेट्रोल जास्त खातं, झीज वाढते, आणि उन्हाळ्यातली खरी अडचण जिथल्या तिथंच राहते. खरी अडचण म्हणजे रेडिएटर. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं ओतलेलं असतं, आत क्षार बसतो आणि बाहेर जाळीत माती आणि किडे. रेडिएटर उतरवून साफ करून घ्या, होज दाबून बघा, चिरा दिसल्या तर बदला, आणि मग कूलंट डिस्टिल्ड पाण्यातच घाला. गरम असताना झाकण उघडायचं नाही, वाफेनं हात भाजतो.

काळ्या मातीचं काय करायचं? ओली असते तेव्हा चाकाला पायतणासारखी चिकटते, टायरच्या खाचा भरतात आणि मग चारही चाकं फिरली तरी गाडी हलत नाही. म्हणून पाऊस झाल्यावर रानात जाऊच नका, ज्वारी पेरलेल्या रानात तर कधीच नाही, आणि नान्नजच्या अभयारण्यातल्या माळावरपण नाही. गेलाच कुठं आणि माती लागली तर त्याच दिवशी खालनं धुवा, रिमच्या आतनं, ब्रेक ड्रममागनं, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) मधनं, कारण वाळली की ती दगड होते आणि रिमला चिकटलेल्या ढेकळामुळं स्टेअरिंग हलायला लागतं. धुऊन झालं की ग्रीस गन घ्या आणि प्रोपेलर शाफ्टचे (अॅक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, स्लिप जॉइंट, पाट्यांचे शॅकल (पाटे टांगणाऱ्या कड्या) सगळीकडं जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवीन भरा.

धुऊनसुद्धा ६० च्या आसपास स्टेअरिंग थरथरतंय? नुसता डॅम्पर (स्टेअरिंगचा शॉकअब्सॉर्बर) लावून दाबू नका. पुढचं चाक जॅकवर उचला आणि वर-खाली धरून हलवा, खेळ लागला तर व्हील बेअरिंग नाहीतर किंगपिन बेअरिंग (ज्यावर चाक डावी-उजवीकडं वळतं ते) गेलंय.

फोर बाय फोर डांबरावर लावायचं नाही, वळताना पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगात फरक पडतो आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो. टेस्ट मुरमाच्या कच्च्या वाटेवर घ्या, थांबून लो (फोर बाय फोरचा हळू, जास्त ताकदीचा गिअर) लावा, आवाज ऐका, पुढची चाकं खरंच ओढतात का ते दुसऱ्याला बाहेर उभं करून बघा. परत टू-व्हीलला टाकून घरी आला की चारही चाकांच्या मधोमध हात लावा, एखादं बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं लागलं तर तिथं ब्रेक चिकटतोय नाहीतर बेअरिंग जास्त आवळलंय, दुसऱ्या दिवशी सकाळी तेच चाक आधी खोला.