इंजिनातून फुस्स आवाज येतोय? गळती अशी शोधा

बॉनेटखालून सतत ‘स्स्स’ ऐकू येत असेल तर नवा पार्ट आणण्याआधी एकच गोष्ट नीट पाहा: आवाज नेमका कधी येतो? आयडलिंगला (इंजिन चालू, गाडी उभी) येतो आणि रेस दिल्यावर कमी होतो, पिकअप घेताना वाढतो, ब्रेक दाबल्यावर येतो की गाडी बंद केल्यावर? निम्मं निदान इथेच होतं.

दोन वेळा गाडीला हात लावायचा नाही

सीएनजी गाडीत सिलिंडर साधारण २०० बार दाबाने भरलेला असतो. गाडी बंद असतानाही फुसफुस ऐकू आली आणि गॅसचा वास आला, तर किल्ली फिरवू नका, दिव्याचं बटणही दाबू नका. सगळ्यांना उतरवून लांब न्या. सहज हात पोचत असेल तर सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह हाताने बंद करा आणि अधिकृत सीएनजी केंद्राला बोलवा. ही दुरुस्ती घरी करायची नाही.

दुसरी वेळ म्हणजे घाट चढताना टेम्परेचरचा काटा वर गेलाय आणि वाफेसोबत फुस्स होतंय. गाडी बाजूला घेऊन बंद करा आणि रेडिएटरची कॅप उघडू नका. आतलं कूलंट शंभर अंशांच्या वर असतं. कॅप सुटताच दाब जातो आणि ते उसळून तोंडावर येतं. किमान तासभर थांबा. वरचा जाड होज हाताला गार आणि मऊ लागला की मगच कॅप उघडा. कॅपचं रबर चिरलेलं असेल तर कॅप बदला, पण तिच्यावर छापलेल्या दाबाचीच (बऱ्याच गाड्यांत ०.९ किंवा १.१ बार) घ्या. होजच्या जोडावर कूलंट सुकून पापुद्रा धरला असेल तर गळती तिथे आहे. भरताना कॉन्सन्ट्रेट कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं; बोअरच्या पाण्याने आत क्षार साचतात.

आयडलिंगचा आवाज: व्हॅक्यूम लीक

पेट्रोल गाडीतलं हे नेहमीचं दुखणं. आयडलिंगला थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद असतो, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, ओढ (व्हॅक्यूम) सर्वात जास्त असते. ठणठणीत इंजिनात व्हॅक्यूम गेज १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतो. पुण्याच्या उंचीवर तोच आकडा दीड-दोन इंच कमी येतो, तो बिघाड नव्हे. पाइप चिरला की बाहेरची हवा आत शिरते. मॅप सेन्सरच्या (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) गाडीत त्यामुळे आयडल ७००-८५० आरपीएमवरून हजाराच्या वर चढतो. एअरफ्लो सेन्सरच्या (आत येणारी हवा मोजणाऱ्या) गाडीत मिश्रण पातळ होऊन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून, इंजिन थरथरतं आणि स्कॅनरवर पी०१७१ हा बिघाडाचा कोड येतो.

१. गाडी मोकळ्या जागेत न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून चालू ठेवा, एसी बंद. सैल बाह्या आणि ओढणी पट्ट्यापासून दूर. रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होतो, हेही लक्षात असू द्या.

२. बोटभर जाड, मीटरभर लांब रबरी पाइप घ्या. एक टोक कानाजवळ धरा, दुसरं थ्रॉटल बॉडी, मॅनिफोल्डचे जोड, ब्रेक बूस्टरचा (ब्रेक हलका करणाऱ्या डब्याचा) पाइप आणि पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत आत ओढणाऱ्या व्हॉल्व्हचा) पाइप यांच्यावरून सावकाश फिरवा. गळतीपाशी आवाज एकदम मोठा होतो.

३. संशयित रबरी पाइप रुंद, गुळगुळीत चिमट्याने मॅनिफोल्डजवळ दाबा. आवाज थांबला तर गळती त्याच पाइपवर, दाबलेल्या जागेच्या पलीकडे आहे.

४. गॅस्केटच्या जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज क्षणभर बदलला की जागा सापडली. साबणाचा फेस इथे फुगत नाही, आत ओढला जातो. कार्ब क्लीनर मारू नका. तापलेल्या सायलेन्सरवर तो पेटतो. इग्निशन कॉइल भिजवू नका.

५. ऑइल भरायचं झाकण सैल करा. हलकी ओढ चालते. झाकण घट्ट चिकटलं आणि शिट्टी बंद झाली, तर पीसीव्हीचा पडदा फाटलाय.

६. इंजिन बंद करून ब्रेक पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबा. पाय तसाच ठेवून इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली जायला हवं. गेलं नाही, किंवा पाय दाबून धरल्यावर पेडलपाशी फुसफुस चालूच राहिली, तर बूस्टर, त्याचा पाइप किंवा चेक व्हॉल्व्ह गेलाय. ही गाडी रस्त्यावर काढू नका.

पाइप निपलजवळच (तो जिथे बसतो त्या टोकाशी) चिरला असेल आणि लांबी पुरत असेल, तर सेंटिमीटरभर कापून पुन्हा बसवा. नाहीतर त्याच आतल्या मापाचा व्हॅक्यूम होज आणा. फिश टँकची नळी गरमीने चपटी होते, टेप तेलाने सुटते. होज क्लिप जोर लावून आवळल्या की प्लॅस्टिकची निपलं तुटतात. पावसाळ्यात उंदीर पाइप कुरतडतात, तेव्हा खालची बाजूही आरशाने पाहा. मॅनिफोल्डचं गॅस्केट बदलताना बोल्ट मधून बाहेर, दोन टप्प्यांत आणि मॅन्युअलमधल्याच टॉर्कने आवळा.

बाकीचे आवाज

टर्बो डिझेलला पिकअप घेताना फुस्स, सोबत काळा धूर आणि ताकद कमी? इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाचा) होज फाटलाय किंवा जोडातून उतरलाय. जोडाजवळचा तेलकट डाग शोधा; चीर बऱ्याचदा होजच्या खालच्या बाजूला असते.

सकाळी थंड इंजिनात फुस-फुस आणि गरम झाल्यावर कमी, म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग. तिथे काजळी दिसते. हा धूर केबिनमध्ये शिरू शकतो, टाळाटाळ नको.

एसी बंद केल्यावर डॅशबोर्डमागे मिनिटभर फुसफुस झाली तर ती दाब समान होण्याची. काही करू नका. एसी चालू असताना सतत येत असेल आणि थंडावाही कमी असेल, तर गॅस गळालाय. आधी लीक टेस्ट करून घ्या, मगच गॅस भरा.

दुरुस्तीनंतर स्कॅनरने कोड पुसा आणि आयडलिंगला फ्युएल ट्रिम (इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा) बघा. अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत हवा. पाइप बदलूनही आयडल चढाच राहिला तर थ्रॉटल बॉडी साफ करून स्कॅनरने आयडल रीलर्न (कॉम्प्युटरला आयडल पुन्हा शिकवणं) करून घ्यावं लागतं.